घरात स्मार्टफोन आहे, पण नंबर कोणाचा? डिजिटल कौशल्ये आणि नागपुरातील स्त्रिया

पळसफूल (मानेवाडा)

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी) बंधनकारक झाली, तेव्हा आमच्या दक्षिण नागपुरातील वस्त्यांमध्ये जी धावपळ उडाली तिचे खापर बहुतेकांनी सर्व्हरवर फोडले. सर्व्हर अडत होता हे खरेच आहे. परंतु ज्या बायकांना मदत करण्यासाठी मी वस्तीतल्या समाजभवनात बसत होते, त्यांच्यापैकी पुष्कळ जणींचे काम सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधीच थांबत होते. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा होता आणि नवरा बुटीबोरीला पाळीवर गेलेला होता. किंवा नंबर मुलाचा होता आणि मुलगा पुण्यात नोकरीला होता. किंवा कधीकाळी घेतलेले ते सिम रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडले होते. त्यातच लाभार्थी स्त्रीच्या ओटीपीबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला जात असल्यामुळे विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांची जी कोंडी झाली, ती फोडण्यासाठी पुढे वेगळ्या सूचना काढाव्या लागल्या.

त्या योजनेचे गुणदोष हा या धाग्याचा विषय नाही. स्त्रिया आणि पुरुष यांच्या डिजिटल कौशल्यांत जी तफावत सांगितली जाते, ती नेमकी कशात आहे, यावर मला चर्चा हवी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ या वयोगटातील व्यक्तींना विचारले गेले होते की तुम्ही आजवर कधीतरी इंटरनेट वापरले आहे का. देशात ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रिया सुमारे ३३ टक्के आणि पुरुष सुमारे ५७ टक्के निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण अनुक्रमे ३८ आणि ६१.५ टक्के होते. कोणाच्या तरी फोनवर एकदा काही पाहिले असले तरी या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ येते, इतकी ही कसोटी सैल आहे, आणि तरीही एवढे अंतर पडले. स्वतः वापरता येईल असा मोबाइल आपल्याजवळ आहे, असे त्याच सर्वेक्षणात देशातील ५४ टक्के स्त्रियांनी सांगितले.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२५ च्या आरंभी केलेल्या दूरसंचारविषयक पाहणीनुसार देशातील ८५.५ टक्के घरांमध्ये किमान एक स्मार्टफोन आहे. हा आकडा वाचला की प्रश्न निकालात निघाला असे वाटते, कारण आपण मोजणी घराची करतो. २०१७ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानानेही हेच केले होते: दर घरामागे एक व्यक्ती, तिला २० तासांचे प्रशिक्षण, की ते घर डिजिटलदृष्ट्या साक्षर. मार्च २०२४ मध्ये ते अभियान संपेपर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांना प्रशिक्षण दिले गेले. ते ग्रामीण भागापुरते होते, त्यामुळे नागपूर शहरातील झोपडपट्टी त्यात बसतच नव्हती, हा मुद्दा वेगळाच.

आमच्या बाजारात भाजीचे दुकान लावणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या गाड्यावर क्यूआर कोड लावलेला आहे आणि पैसे जमा झाले की शेजारचा छोटा स्पीकर मराठीत रक्कम सांगतो. कोणीही पाहणारा म्हणेल की या बाईपर्यंत डिजिटल व्यवहार पोहोचला. खाते मुलाच्या नावावर आहे. दिवसभराचा गल्ला किती झाला हे मावशींना स्पीकर ऐकून आणि मनात बेरीज करून कळते. शिल्लक पाहायची झाली तर मुलगा घरी येईपर्यंत थांबावे लागते. मुलगा वाईट नाही. खाते उघडायच्या वेळी ज्याच्याजवळ स्मार्टफोन होता त्याच्या नावावर ते उघडले गेले, एवढेच झाले.

माझे म्हणणे असे आहे की ज्याला आपण कौशल्याचा अभाव म्हणतो तो बहुतांशी मालकीचा अभाव आहे. सायकलच्या कॅरिअरवर वर्षानुवर्षे बसून कोणी सायकल चालवायला शिकत नाही, आणि घरातील दुसऱ्याने ‘करून दिलेल्या’ कामांमधून कौशल्य साचत नाही. आपल्या निरीक्षणात काय आले आहे, ते सविस्तर लिहावे.

उमरेडकर

पळसफूलताई, मांडणी विचार करायला लावणारी आहे. परंतु मला यात स्त्री-पुरुष भेदापेक्षा वय, शिक्षण आणि उत्पन्न यांचे भेद अधिक दिसतात. माझे वडील एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झाले. आजवर त्यांनी एकही पैसा यूपीआयने स्वतः पाठवलेला नाही. त्यांचे सर्व व्यवहार माझी धाकटी बहीण करते. मिहानमधील संगणक कंपन्यांच्या बसमधून सकाळी ज्या मुली उतरतात, त्यांच्यासमोर माझ्यासारख्याने डिजिटल कौशल्याच्या गोष्टी कराव्यात असे मला तरी वाटत नाही.

दुसरे असे की आपण दिलेला राज्याचा आकडा जुना आहे. त्या सर्वेक्षणाचे महाराष्ट्रातील काम २०१९ च्या उत्तरार्धात झाले, म्हणजे टाळेबंदीच्या आधी. त्यानंतर मुलांची शाळा आईच्या फोनवर आली, लसीसाठी कोविन पोर्टलवर नोंदणी करावी लागली आणि यूपीआय पानठेल्यापर्यंत पोहोचले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील ७० टक्के पुरुष आणि ६५ टक्के स्त्रिया इंटरनेट वापरतात. पाच टक्क्यांचे अंतर हे काळाबरोबर आपोआप मिटेल, असे का मानू नये?

आकडेमोड

उमरेडकर, जगाच्या सरासरीतील ते पाच टक्के म्हणजे सुमारे १८.९ कोटी माणसे होतात; इंटरनेटवर पुरुषांपेक्षा तितक्या स्त्रिया कमी आहेत. शिवाय ती सरासरी आहे. युरोपात हे अंतर जवळपास उरलेले नाही, याचाच अर्थ दुसरीकडे कुठेतरी ते सरासरीपेक्षा पुष्कळ मोठे आहे.

मी नागपुरातील एका महाविद्यालयात संगणकाचे विषय शिकवते. मला मूळ प्रश्नाच्या एका वेगळ्या भागावर लिहायचे आहे: कौशल्य असणे आणि कौशल्य आहे असे स्वतःला वाटणे. एस्टर हार्गिटाई आणि स्टीव्हन शेफर यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या क्षेत्रात वारंवार उद्धृत होतो. त्यांनी अमेरिकेतील प्रौढ स्त्री-पुरुषांना संगणकासमोर बसवून इंटरनेटवर ठरावीक माहिती शोधायला लावली आणि त्यांचे स्वतःविषयीचे मतही विचारले. प्रत्यक्ष कामात स्त्री आणि पुरुष यांच्यात फारसा फरक आढळला नाही. स्वतःच्या कौशल्याचे मूल्यमापन मात्र स्त्रियांनी लक्षणीयरीत्या कमी केले. शालेय वयात तर चित्र उलटेच दिसते. इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणक आणि माहिती साक्षरता तपासणारी जी आंतरराष्ट्रीय चाचणी २०१३ आणि २०१८ मध्ये झाली, तीत सरासरीने मुली मुलांच्या पुढे होत्या. भारत त्या चाचणीत सहभागी नव्हता, हे लक्षात ठेवावे लागेल.

मग आपल्याकडे मुली मागे का दिसतात? याचे उत्तर ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात बरेचसे सापडते. प्रथम संस्थेच्या या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांची मुले-मुली होती. जवळपास ९० टक्के जणांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तेवढ्याच जणांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असणारे मुलगे ४३.७ टक्के होते आणि मुली १९.८ टक्के. त्यानंतर पाहणी करणाऱ्यांनी मुलांना प्रत्यक्ष कामे दिली: गजर लावणे, माहिती शोधणे, नकाशावरून एखाद्या ठिकाणी पोहोचायला किती वेळ लागेल ते काढणे, व्हिडिओ शोधून मित्राला पाठवणे. या कामांत मुलगे पुढे राहिले. नकाशाचेच काम घ्या. जिला एकटीने बसस्थानकापलीकडे जाऊ दिले जात नाही, तिने नकाशा उघडून पाहावा कशासाठी? घराबाहेर फिरण्याची मुभा आणि फोनमधील कौशल्य या दोन गोष्टी किती गुंतलेल्या आहेत, हे अशा वेळी कळते.

आमच्या प्रयोगशाळेत जोडीने प्रात्यक्षिक करायचे असले आणि जोडीत एक मुलगा व एक मुलगी असली, तर माउस बहुधा मुलाच्या हातात असतो आणि जर्नल मुलगी लिहिते. लेखी परीक्षेत तिला अधिक गुण मिळतात, आणि तरीही तोंडी परीक्षेत ‘मला प्रॅक्टिकल तेवढं जमत नाही, मॅडम’ असे तीच म्हणते. मी आता तासाच्या मध्यावर जागा बदलायला लावते. सुरुवातीला कुरकुर झाली, नंतर ती थांबली.

वयाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. साठीच्या पुढे स्त्री काय आणि पुरुष काय, दोघेही मुलांवर अवलंबून असतात. फरक एवढाच की वडिलांच्या वतीने व्यवहार करणारी बहीण त्यांना विचारून करते. आईच्या बाबतीत तसे विचारले जातेच असे नाही.

सेतूवाला (पूर्व नागपूर)

मी नंदनवन भागात गेली बरीच वर्षे आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. लोक अजूनही सेतूच म्हणतात, म्हणून हे नाव घेतले आहे. धाग्यात आकडे पुष्कळ आले. मी काउंटरच्या आतून जे दिसते ते लिहितो.

उत्पन्नाचा दाखला असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो किंवा एखाद्या योजनेची नोंदणी, बाईच्या कामाला बहुतेक वेळा सोबत कोणीतरी पुरुष येतो. स्टूलवर ती बसते आणि प्रश्नांची उत्तरे तो देतो. जन्मतारीख तिची, खाते क्रमांक तिचा, पण बोलणारा तो. ‘नंबर सांगा’ म्हटले की तो स्वतःचा नंबर सांगतो, आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. घरात रिचार्ज असलेला नंबर तोच असतो. एका मोबाइल नंबरवर कितीही आधार जोडता येतात, त्यामुळे पाच माणसांच्या कुटुंबात एकच नंबर चालतो आणि तो घरातील कर्त्याचा असतो.

ई-मेलची कथा तर याहून निराळी. अर्जात ई-मेल भरणे सक्तीचे असते आणि बाईकडे तो नसतो. गर्दीच्या दिवसांत, विशेषतः प्रवेशाच्या हंगामात, अनेक केंद्रांवर काम करणारा मुलगा तिथल्या तिथे एक ई-मेल तयार करतो, पासवर्ड स्वतःला सोयीचा ठेवतो आणि अर्ज पुढे ढकलतो. अर्ज मंजूर झाल्याचे पत्र त्या पत्त्यावर येते, आणि तो पत्ता कोणीही पुन्हा कधी उघडत नाही. तीन वर्षांनी त्याच बाईला लॉगिन हवे असते तेव्हा पासवर्ड कोणालाच आठवत नसतो. ज्यांना घरी किंवा शेजारी मदत करायची असेल, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की बाईचा ई-मेल तिच्याच फोनवर, तिच्याच हाताने टाइप करून उघडावा आणि पासवर्ड तिलाच ठरवू द्यावा. अर्धा तास अधिक लागतो. तो लागू द्यावा.

मराठी टायपिंगची भीती मोठी आहे, पण ती लवकर जाते. बोलून लिहिण्याची सोय दाखवली की चाळिशीच्या पुढच्या बायका सर्वांत आधी ती उचलतात. आमच्या नागपुरी बोलीतले ‘मले’, ‘तुले’ यंत्राला चटकन कळत नाही, मग त्या हसतात आणि शाळेत बोलल्यासारखे प्रमाण मराठीत बोलून पाहतात.

गोधनी

माझ्या आईच्या आधारला काकांचा नंबर जोडलेला आहे. तिला आता साधे का होईना, स्वतःचे सिम घेऊन दिले आहे. नंबर बदलण्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी जाईल का? काका सध्या बोलत नाहीत.

सेतूवाला (पूर्व नागपूर)

गोधनी, आधार नोंदणी केंद्रावर गेलात तर जुना नंबर लागत नाही. आईला स्वतः जावे लागेल, कारण बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची ओळख घेऊनच बदल होतो. शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. पावती मागून घ्यावी. आईला चालवत नसेल तर पोस्टमनकडे चौकशी करा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत २०२१ पासून पोस्टमन घरी येऊन आधारमधील मोबाइल नंबर बदलून देतात. त्यानंतर बँकेतील नंबर वेगळा बदलावा लागतो, हे मात्र विसरू नका. आधारमध्ये बदलला की सगळीकडे बदलला, अशी समजूत करून घेऊन लोक परत जातात आणि पैसे काढल्याचा संदेश जुन्याच नंबरवर जात राहतो.

सावली (कामठी तालुका)

मी अंगणवाडी सेविका आहे. हा धागा वाचताना मला राहून राहून वाटत होते की बायकांना डिजिटल कौशल्य नाही असे म्हणणाऱ्या शासनाचा केवढा तरी डिजिटल कारभार बायकाच करतात. बालकांचे वजन, उंची, गरोदर मातांची नोंद, घरपोच आहाराचे वाटप, हे सर्व आम्ही रोज पोषण ट्रॅकर या शासकीय ॲपवर भरतो. आशा ताईंच्या नोंदी वेगळ्या. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा नारीशक्ती दूत ॲपवर गावोगावी ते भरायला पुढे केल्या गेलेल्यांमध्येही आम्ही होतो.

हे कौशल्य आम्हांला कोणी सुखासुखी दिले नाही. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आले तेव्हा ते इंग्रजीत होते. आमच्यात दहावी झालेल्या आणि त्याहूनही कमी शिकलेल्या सेविका होत्या. शासनाने दिलेल्या मोबाइलची क्षमता इतकी कमी होती की ॲप उघडले की फोन गोठत असे आणि दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी येत असे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातील सेविकांनी ते मोबाइल परत केले. वर्तमानपत्रांत तेव्हा असे चित्र रंगवले गेले की सेविकांना तंत्रज्ञान नको आहे. आमची मागणी होती चालणाऱ्या फोनची आणि मराठी ॲपची. ज्या स्त्रिया आंदोलनाची माहिती व्हॉट्सॲपवरून एका दिवसात सगळ्या जिल्ह्यांत पोहोचवतात, त्यांना तंत्रज्ञान कळत नाही असे म्हणणे हास्यास्पद आहे.

पळसफूलताईंच्या म्हणण्याला मी एक जोड देईन. माझ्या हाती जो फोन आला तो कामाचा होता, म्हणून घरात कोणी तो मागू शकले नाही. ‘सरकारी आहे’ असे म्हटले की सासरेबुवांपासून मुलापर्यंत सगळे हात आखडता घेत. माझे शिकणे त्या काळात झाले. आमच्या गावातील बचत गटाच्या अध्यक्षबाईंकडे स्वतःच्या पैशांनी घेतलेला, आमच्याहून चांगला फोन आहे; परंतु तो संध्याकाळी मुलाकडे गेमसाठी जातो आणि रात्री नवऱ्याकडे. त्या आजही रक्कम पाठवताना मला फोन करतात. बुद्धीने त्या माझ्यापेक्षा तल्लख आहेत, गटाचे व्याज त्या तोंडी काढतात.

नदीपल्याड

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. चर्चेत अजून न आलेली बाजू भीतीची आहे, आणि ती काल्पनिक नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

मुलीच्या फोटोचा गैरवापर झाला, अनोळखी खात्यावरून घाणेरडे संदेश आले किंवा ओळखीच्याच मुलाने धमकावले, तर घरातील पहिली प्रतिक्रिया बहुधा तिचा फोन काढून घेण्याची असते. त्यामुळे गुन्हा घडल्यावर मुली घरी सांगत नाहीत. सांगितले तर इंटरनेट जाते आणि अनेकदा त्याच्यामागे शिक्षणही जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्री नको म्हणत असताना तिच्याशी वारंवार संपर्क साधणे, तसेच तिचा इंटरनेट, ई-मेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काचा वापर पाळतीवर ठेवणे हा गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि बालकांविषयीच्या लैंगिक स्वरूपाच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. आर्थिक फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात थांबवण्याची शक्यता वाढते. ही माहिती मुलींपेक्षा त्यांच्या आईवडिलांना देण्याची गरज मला अधिक वाटते.

पाळत घरातूनही होते. माझ्याकडे येणाऱ्या कौटुंबिक वादांमध्ये नवऱ्याने बायकोचे व्हॉट्सॲप आपल्या संगणकाला जोडून ठेवल्याची उदाहरणे येतात. सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहिले की दुसरीकडे कोठे खाते उघडे आहे ते कळते आणि तेथूनच ते बंद करता येते. डिजिटल साक्षरतेचे जे वर्ग मी पाहिले, त्यांत फोटोला चौकट कशी लावावी हे शिकवले जाते आणि हे शिकवले जात नाही. शिकवणाऱ्यांना तो ‘घरचा मामला’ वाटतो.

आर्थिक फसवणुकीच्या बाबतीत एक गैरसमज आहे की बायका सहज फसतात, म्हणून त्यांच्या हाती बँकेचे ॲप देऊ नये. ‘डिजिटल अरेस्ट’च्या (पोलीस असल्याचे भासवून फोनवरच अटकेची भीती घालण्याच्या) नावाखाली लाखो रुपये गमावलेल्या ज्या बातम्या येतात, त्यांत निवृत्त अधिकारी पुरुष किती असतात ते पाहावे. त्यानंतर त्यांच्या घरी कोणी त्यांचा फोन काढून घेत नाही.

उमरेडकर

नदीपल्याड यांचे शेवटचे वाक्य मला लागले आणि ते खरे आहे. सावलीताईंच्या अनुभवामुळे मालकीचा मुद्दाही आता अधिक स्पष्ट झाला. तरीही वय आणि शिक्षण यांचे वजन मी कमी धरणार नाही. बचत गटाच्या अध्यक्षबाई पदवीधर असत्या तर फोन मुलाकडे गेला असता का, हा प्रश्न माझ्या मनात राहतोच.

एक व्यवहार्य सूचना करतो. २०२४ पासून यूपीआय सर्कल नावाची सोय आली आहे. खातेदार आपल्या विश्वासातील व्यक्तीला जोडून घेतो आणि ती व्यक्ती तिच्या स्वतःच्या फोनवरून, महिन्याला १५ हजार रुपयांच्या मर्यादेत, त्याच्या खात्यातून पैसे देऊ शकते. ज्या बाईला बँकेचे सोपस्कार जड जातात, तिच्यासाठी ही पहिली पायरी ठरू शकेल का?

पळसफूल (मानेवाडा)

सर्वांचे आभार. उमरेडकर भाऊ, यूपीआय सर्कल ही म्हाताऱ्या आईवडिलांसाठी किंवा शिकत असलेल्या मुलांसाठी उत्तम सोय आहे. परंतु लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये, धुण्याभांड्याचा पगार किंवा भाजीचा गल्ला ज्या बाईचा स्वतःचा आहे, तिला नवऱ्याच्या खात्याची दुय्यम वापरकर्ती करून ठेवणे मला पटत नाही. खर्चाची नोंद त्याला दिसते, मर्यादा तो ठरवतो आणि जोडणी तो केव्हाही तोडू शकतो. भाजीवाल्या मावशींच्या बाबतीत आज नेमके हेच चालू आहे, फक्त त्याला असे नाव नाही. त्यांचे जनधन खाते आहे. त्याला त्यांचा नंबर जोडणे आणि त्या खात्याचा क्यूआर कोड काढणे हाच मार्ग मला सरळ वाटतो. मुलाशी त्यांचे बोलणे झाले आहे. त्याची हरकत नाही, पण त्या दोघांनाही बँकेत एकत्र जायला वेळ मिळालेला नाही.

वेळेवरून आठवले. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. आमच्याकडे संध्याकाळी सहाचा वर्ग ठेवला होता तेव्हा कोणी येत नव्हते. सहा वाजता स्वयंपाकाची तयारी असते, आणि उन्हाळ्यात ज्या भागात टँकर येतो तिथे पाण्याची रांगही असते. दुपारी दोन ते चार ही वेळ ठरवली, तेव्हा धुण्याभांड्याची कामे उरकून आलेल्या बायका बसू लागल्या. अनुभवाने शिकवण्याचा क्रमही बदलला. आधी नंबर स्वतःचा आहे की नाही ते पाहतो. मग फोनचे कुलूप आणि त्याचा पिन. मग बँकेचा संदेश वाचणे आणि शिल्लक पाहणे. त्यानंतर पैसे पाठवणे. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे वाक्य प्रत्येक वर्गात म्हणवून घेतो. फोटो आणि व्हिडिओ यांविषयी काही शिकवत नाही, ते त्या एकमेकींना शिकवतात.

आकडेमोड यांनी लिहिलेला आत्मविश्वासाचा मुद्दा माझ्याही पाहण्यातला आहे. ‘मले नाही येत बाई ते, तुम्हीच करून द्या’ असे म्हणणाऱ्या बाईने पुष्कळदा ते काम आधी स्वतः केलेले असते. शिकवणारी वस्तीतलीच असेल तर हे वाक्य लवकर बंद होते. नागपूरला हे नवे नाही. कामठी ते नागपूर हमाली करणाऱ्या जाईबाई चौधरी स्वतः शिकल्या आणि १९२० च्या दशकात त्यांनी दलित मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. तेव्हाही पोरींना शिकून काय करायचे आहे, असे विचारणारे होतेच.

गोधनी

पोस्टमनकडे चौकशी केली, ते येणार आहेत. आणखी एक शंका: आईच्या साध्या फोनला दर महिन्याला डेटाचे रिचार्ज परवडत नाही. नंबर चालू राहून फक्त ओटीपी यावा एवढेच हवे असेल तर काय करावे?

सेतूवाला (पूर्व नागपूर)

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणे आणि संदेश यांचे पॅक ठेवणे बंधनकारक केले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. दुकानदार आपण होऊन ते सांगत नाही, नाव घेऊन मागावे लागते. साध्या फोनवरूनही यूपीआय करता येते. २०२२ पासून ‘१२३पे’ ही सोय आहे.

पळसफूल (मानेवाडा)

त्यात एकच अडचण आहे आणि ती मी अजून सोडवू शकलेले नाही. वर्षभराचे पॅक स्वस्त पडते, पण रक्कम एकरकमी द्यावी लागते, आणि ती एकरकमी रक्कम बहुतेक घरांत पुन्हा नवऱ्याकडूनच मागावी लागते. आमच्या भागातील एका बचत गटाने दरमहा बचतीतून रिचार्जपुरती रक्कम वेगळी ठेवायचे ठरवले आहे, म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या जणींचे पॅक गटाच्या पैशांतून भरता येतील. ठराव मंजूर झाला आहे. पहिले रिचार्ज दिवाळीनंतर होईल. इतर कोणत्या गटाने असे काही केले असेल तर हिशेब कसा ठेवला ते कृपया येथे लिहावे.